विसर्गाचा आनंद घेण्याबाबत

रात्री वाचणारा माणूस घरात कोणालाच आवडत नाही. घोरणारा चालतो, मध्यरात्री उठून फ्रीजमध्ये डोकं घालणारा चालतो, पण दिवा लावून पुस्तक घेऊन बसलेला माणूस दिसला की घरच्यांना उगाच आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटू लागतं, आणि तो राग ते त्या माणसावर काढतात. मी दिवसभर एका छापखान्यात प्रुफं तपासतो, म्हणजे पोटासाठी इतरांच्या चुका वाचतो. रात्री मला चार ओळी बरोबर वाचाव्याशा वाटतात. यात गैर काय, ते आजवर मला कोणी पटवून दिलेलं नाही.

त्यातून माझं वाचन निसर्गावरचं. माती, झाडं, पाखरं, पाणी आणि या सगळ्यांना फार त्रास न देता माणसाने कसं जगावं, अशा विषयावरची पुस्तकं. याला हल्ली ‘शाश्वत जीवनशैली’ असा भारदस्त शब्द आहे. तो मी बायकोला पहिल्यांदा सांगितला तेव्हा ती म्हणाली, “शाश्वत म्हणजे टिकाऊच ना? इतकी वर्षं हा संसार टिकवलाय, आता आणखी काय टिकवून दाखवू?” तिचा विरोध पुस्तकांना नव्हता, पुस्तकांतून बाहेर पडून घरात शिरणाऱ्या गोष्टींना होता. अर्ध्या बादलीत आंघोळ, जुन्या शर्टांच्या पिशव्या, बाल्कनीतला भाजीच्या सालींचा डबा. त्या डब्यातून एक गांडूळ फिरायला निघालं आणि नेमकं सासऱ्यांच्या चपलेत विसावलं, तेव्हापासून तर घरात माझ्या मताला काही वजनच उरलं नाही.

सासरे आमच्याकडेच राहतात. बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीला आहे, तिला पहाटे उठावं लागतं. म्हणून मी वाचायला बसलो की ती एक शब्द न बोलता तोंडावर चादर ओढून घेते. आमच्याकडे तोंडावर चादर ओढणं ही चर्चेची शेवटची पायरी आहे. त्यामुळे मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे सासरे दर तासाला पाणी प्यायला येत आणि माझ्या खांद्यावरून वाकून विचारत, “जावईबापू, कुठवर आलात?” मी पानाचा आकडा सांगितला की “अजून बरंच लांब आहे,” असं म्हणून समाधानाने झोपायला जात. जगात माणसाला एकाग्र होण्यासाठी कोपरा मिळत नाही आणि लोक मात्र मनःशांतीवर व्याख्यानं देतात.

शेवटी मला मागचं अंगण सापडलं. सापडलं म्हणजे ते तिथेच होतं. इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्या मधला मातीचा एक तुकडा, त्यात एक तुतीचं झाड आणि एक पाठ मोडलेला सिमेंटचा बाक. दिवसा तिकडे कोणी फिरकत नसे, कारण तुतीच्या फळांचे जांभळे डाग कपड्यांवरून जात नाहीत. रात्री मी चार्जिंगचा कंदील घेऊन तिथे बसू लागलो आणि मला एकदम मोठ्या माणसासारखं वाटलं. पानांची हलकी सळसळ, मातीचा ओलसर वास, दूर कुठेतरी एखादी गाडी. त्या वेळी मी मातीवरचं एक जाडजूड पुस्तक वाचत होतो. त्याच्या लेखकाचं म्हणणं असं की पायाखालच्या मातीत असंख्य जीव राबत असतात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. ते वाचून मी पाय वर घेऊन बसलो. कोणाच्या कामावर आपण पाय ठेवून बसायचं हे मला बरं वाटलं नाही. हसायचं असेल तर हसा, पण त्या बाकावर मांडी घालून बसलेला मी, दिवसातल्या कुठल्याही मीपेक्षा बरा माणूस होतो. मला कोणाची चूक काढावीशी वाटत नसे.

दिवसा मात्र वाटे. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. इमारतीच्या सूचना तेच लिहितात आणि फळ्यावर लावतात. कित्येक वर्षांपासून मी कामावर जाताना फळ्यापाशी थांबून खिशातलं लाल पेन काढतो आणि ‘पानी येनार नाही’चं ‘पाणी येणार नाही’ करतो. पाणी त्याने येत नाही हे मला मान्य आहे, पण निदान शुद्ध स्वरूपात येत नाही. हे मी इमारतीवरच्या प्रेमापोटी करत आलो. सेक्रेटरी मात्र तेव्हापासून मला पाण्यात पाहतात.

तर एक दिवस फळ्यावर सूचना आली. ‘मागच्या आंगनात ब्लॉक बसउन वाहनतळ करन्यात येनार आहे. तुतीचे झाड अडथळा होत असल्याने काढन्यात येइल. पुढील महीन्यात सर्वसाधारण सभेत मंजूरी घेतली जाईल.’ मी पेन काढलं आणि सगळ्या चुका नीट दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या, टोपण घातलं. मग मजकूर वाचला. टोपण पुन्हा काढलं, पण दुरुस्त करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

सेक्रेटरींनी दुसरी गाडी घेतली होती. ती ठेवायला त्यांना जागा हवी होती, आणि इमारतीत ज्यांची एकच गाडी होती त्यांना आता दुसरीची स्वप्नं पडू लागली होती. पुढचं अंगण मागच्या वर्षीच ब्लॉक घालून गुळगुळीत केलेलं होतं. माझ्याकडे गाडी नाही. माझ्याकडे एक कंदील होता आणि एक बाक, आणि आता तोही जाणार होता. गेला तर मी वाचायचं कुठे, हा प्रश्न इमारतीतल्या कोणालाही पडण्याची शक्यता नव्हती.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, ते म्हणाले, “तुम्हीही एक गाडी घेऊन टाका. मग पार्किंग तुम्हालाही हवंसं वाटेल आणि त्रासच मिटेल.” सासरे म्हणाले, “झाडाला मिठी मारून उभे राहा.” मी विचारलं, “किती वेळ?” ते म्हणाले, “ब्लॉकवाले जाईपर्यंत. मी मधूनमधून चहा आणून देतो.” बायको म्हणाली, “सेक्रेटरींना जाऊन सरळ सांगा की तुम्हाला तिथे बसायला आवडतं.” हा सल्ला इतका सोपा होता की त्याचा विचार करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

तिसऱ्या मजल्यावर अर्जवाले काका राहतात. त्यांनी हयातभर अर्ज केले. अर्जाला उत्तर आलं नाही म्हणून अर्ज केले आणि उत्तर आलं तेव्हा ते मूळ अर्जाशी जुळत नाही म्हणून अर्ज केले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “नगरपालिकेच्या उद्यान विभागात एक अर्ज टाका. त्या जागेचा काही उपयोग चालू आहे असं एकदा कागदावर आलं की चौकशी होईपर्यंत कोणी तिथे फावडं मारू शकत नाही. आणि चौकशी काही लवकर होत नाही. फक्त विषय दणदणीत लिहा. तिथे विषयाच्या पुढे कोणी वाचत नाही.”

मी छापखान्यात सगळे गेल्यावर अर्ज टाइप केला. विषय असा योजला होता : ‘इमारतीच्या मागील मोकळ्या जागेत रात्रीच्या शांत वेळी निसर्गाचा आनंद घेण्यास परवानगी व सदर जागेस संरक्षण मिळणेबाबत.’ खाली मोजका मजकूर. ‘रोज रात्री सर्वजण झोपल्यावर मी या जागेत एकटा जातो. तेथे मला अपूर्व समाधान लाभते, दिवसभराचा ताण हलका होतो. हाच आनंद इमारतीतील इतर सभासदांनीही सहकुटुंब घ्यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.’ एकदा वापरलेला भारदस्त शब्द पुन्हा वापरायचा नाही हे माझं जुनं तत्त्व असल्याने निसर्ग हा शब्द मी विषयात एकदाच ठेवला. अर्ज दोनदा तपासला. एक स्वल्पविराम काढला आणि थोड्या वेळाने परत घातला.

नगरपालिकेच्या खिडकीवरच्या कारकुनाने विषय वाचला. मग माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “हे परवानगी काढून करणार?”

“मी नियमाने चालणारा माणूस आहे.”

“इतके दिवस?”

“परवानगीशिवायच चालू आहे,” मी प्रामाणिकपणे सांगितलं. “पण आता म्हटलं अधिकृत व्हावं.”

“सहकुटुंब,” तो मान हलवत म्हणाला, कारण अर्जवाले काकांच्या अंदाजाला छेद देऊन त्याने खालचाही मजकूर वाचला होता. त्याने शिक्का मारला आणि कागद डावीकडच्या गठ्ठ्यात टाकला. गठ्ठा कोणत्या विभागाचा हे मी पाहिलं नाही. मी छाती पुढे काढून घरी आलो.

उत्तर यायला वर्ष लागेल असा अर्जवाल्या काकांचा अंदाज होता. ते आठवड्याच्या आत आलं. एक प्रत मला आणि एक सेक्रेटरींना. सेक्रेटरींनी त्यांची प्रत फळ्यावर लावली, आणि महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेनाने रेघा मारल्या. पत्र जलनिःसारण विभागाकडून होतं.

‘आपण आपल्या इमारतीच्या मागील जागेत रात्रीच्या वेळी विसर्ग करीत असल्याचे व त्यातून आपणास आनंद मिळत असल्याचे आपण स्वतःहून कळविले आहे. यात इतर सभासदांनी सहकुटुंब सहभागी व्हावे अशी इच्छाही आपण व्यक्त केली आहे. सदर बाब गंभीर असून विभागातर्फे पाहणी करण्यात येईल. पाहणी अर्जात नमूद केलेल्या वेळीच, म्हणजे रात्री, होईल.’

मी घरात जाऊन माझ्याकडची अर्जाची प्रत काढली. विषय वाचला. एक एक अक्षर सुटं करून वाचला, धंद्यात वाचतो तसा. आमच्या छापखान्यातल्या कीबोर्डवर न आणि व शेजारी-शेजारी राहतात. माझं बोट एक घर चुकलं होतं. निसर्गाच्या जागी विसर्ग झाला होता, आणि माझ्यासारख्या माणसाने स्वल्पविराम दोनदा तपासून तो तसाच सोडला होता.

त्या दिवसापासून इमारतीचा माझ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. जिन्यात लोक भिंतीला चिकटून मला वाट देऊ लागले. दातांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. “या वयात होतं असं. लाजण्यासारखं काही नाही. माझा एक मित्र आहे, त्या भागाचा डॉक्टर. चिठ्ठी देतो.” सासरे बराच वेळ माझ्याकडे करुणेने पाहत होते. शेवटी म्हणाले, “जावईबापू, घरात दोन-दोन असताना अंगणात कशाला?” एका बाईंनी पोरीचा चेंडू मागे गेला म्हणून तिला नवा चेंडू आणून दिला, पण जुना आणायला मागे जाऊ दिलं नाही.

रात्री मी बायकोला खरं काय ते सांगितलं. तिने तोंडावर चादर ओढली. मला वाटलं चर्चा संपली, पण पलंग हलू लागला. ती हसत होती. बऱ्याच वेळाने चादर खाली करून डोळे पुसत म्हणाली, “अहो, मग सांगून टाका ना चूक झाली म्हणून. एक अक्षर तर आहे.”

“मी? त्या माणसाला? कित्येक वर्षं मी त्याचे न आणि ण सुधारतोय. तो माझा व फ्रेम करून लावेल. आणि अर्ज चुकीचा ठरला की तो रद्द. मग ब्लॉक काय, उद्यासुद्धा येतील.”

“मग विसर्ग म्हणजे दुसरं काहीतरी आहे असं सांगा.”

“विसर्ग म्हणजे व्याकरणातले ते दोन ठिपके. दुःखातले.”

“दुःखातले दोन ठिपके म्हणजे आपणच की,” ती म्हणाली आणि पुन्हा हसू लागली. मग गंभीर झाली. “धरणातून पाणी सोडतात त्यालाही विसर्गच म्हणतात ना? मग आपल्या गच्चीवरचं पाणी कुठे जातं हो?”

मी उठून बसलो. गच्चीचे सगळे पाइप मागच्या अंगणात उतरत होते. इतकी वर्षं मी त्या पाइपांच्या शेजारी बसून पाण्यावरची पुस्तकं वाचत होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी मला फळ्यापाशी गाठलं. “हे काय लिहिलंय तुम्ही?”

“जे लिहिलंय ते विचार करून लिहिलंय.”

“विसर्ग?”

“विसर्ग.”

“आणि त्याचा आनंद?”

“अपार,” मी म्हणालो आणि मान ताठ ठेवून कामावर गेलो. 

आता विसर्गाचा अभ्यास करणं भाग होतं. मी पाणी मुरण्यावरची पुस्तकं आणली. त्यांत लिहिलं होतं की जमिनीत लहानसा खड्डा करून त्यात ठरावीक पाणी ओतावं आणि ते किती वेळात जिरतं ते पाहावं. हे मी रात्रीच करू शकत होतो. त्यामुळे पुढच्या काही रात्री मी मागच्या अंगणात, अंधारात, हातात पाण्याचा मग घेऊन, उकिडवा बसलेला असे. तिसऱ्या मजल्यावरून एकदा टॉर्चचा झोत थेट माझ्यावर पडला. एकेक खिडकी उघडत गेली. “मी पाण्याचा वेग बघतोय,” मी वर पाहून सांगितलं. खिडक्या घाईघाईने बंद झाल्या. प्रतिष्ठा मिळवायला माणसाला किती वर्षं लागतात, आणि घालवायला एक मग पुरतो, याचा विचार करत मी तिथेच बसून राहिलो. पाणी मात्र छान जिरत होतं.

पाहणीच्या रात्री अख्खी इमारत मागे जमली. कोणाला आमंत्रण नव्हतं. सेक्रेटरींनी खुर्च्या मांडल्या होत्या, कारण माझी फजिती उभ्याने बघावी अशी त्यांची इच्छा नव्हती. नगरपालिकेच्या इंजिनीअर बाई आल्या. बरोबर दोन माणसं, एक लोखंडी सळई आणि माझा अर्ज. बाईंनी चष्मा लावला, अर्ज वाचला आणि जमलेल्यांकडे पाहून विचारलं, “अर्जदार कोण?”

मी पुढे झालो.

“दाखवा,” बाई म्हणाल्या.

दोन वयस्कर बायकांनी तोंडं भिंतीकडे फिरवली. दातांचे डॉक्टर खाली मान घालून आपल्या बुटांकडे पाहू लागले. सेक्रेटरी पुढे सरसावले. “मॅडम, इथे काहीतरी पाणी मुरतंय हे मी पहिल्यापासून सांगतोय.”

“तेच बघायला आलोय,” बाई म्हणाल्या.

मी गळा साफ केला. “मॅडम, गच्चीचं सगळं पाणी इथे उतरतं. या मातीत ते शांतपणे मुरतं. अर्जात जो विसर्ग म्हटलाय तो हा. सेक्रेटरींनी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला परवानगी दिली तर प्रत्यक्ष दाखवतो.”

सेक्रेटरी एक क्षण गोंधळले. त्यांनी वेगळ्या प्रात्यक्षिकाची तयारी केली होती. पण सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? “उघडा की,” ते म्हणाले, “होऊ दे चिखल. मग कळेल इथे ब्लॉक का हवेत ते.”

सासरे आधीच गच्चीवर जाऊन बसले होते. मी खालून हाक मारली आणि वरून त्यांचा जुना कंडक्टरचा आवाज आला, “चला, पुढे चला!” पाइपातून पाणी धडधडत खाली आलं. बाकापाशी साचलं. तिथली माती मी स्वतःच रोज ये-जा करून दगडासारखी घट्ट केली होती, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पाणी वाढत चाललं. माझ्या चपला बुडाल्या. सेक्रेटरींनी हाताची घडी घातली. आणि त्याच वेळी पाणी बाकाला वळसा घालून तुतीकडे सरकलं.

तुतीच्या बुंध्याभोवतीची माती भुसभुशीत होती. पानं कुजून तिथे काळी झाली होती. पाणी तिथे पोचलं आणि खाली जाऊ लागलं. मागून आणखी आलं, तेही गेलं. एक बारीक, सतत असा आवाज येत होता. सगळे वाकून पाहत होते. टाकी अर्धी रिकामी झाली तेव्हा झाडाखाली पाण्याचं नावही नव्हतं, फक्त ओली माती होती. बाईंनी सळई खुपसून पाहिली, ती सहज आत गेली. त्या दोन बायकांनीही तोंडं या बाजूला फिरवली होती.

इथे थांबलं असतं तर सेक्रेटरी नुसते हरले असते. पण माणसाला आपल्या कामाचा अभिमान असतो. “हे काहीच नाही,” ते म्हणाले. “आमचं पुढचं अंगण बघा. एकदम शास्त्रशुद्ध. राहिलेलं पाणी तिकडे सोडा.” बाईंनी सोडायला सांगितलं, आणि सासऱ्यांनी वरून टाकीची नळी पुढच्या कठड्यावरून खाली सोडली.

पुढच्या गुळगुळीत ब्लॉकवर पाणी कुठेच थांबलं नाही. त्याला मुरायला जागा नव्हती आणि गटाराचं तोंड उंचावर होतं, म्हणून ते सगळ्यात सोयीची उताराची जागा शोधत गेलं. ती जागा सेक्रेटरींचा दरवाजा होती. आधी पायपुसणं हललं. मग दाराआडून चपलांचे जोड एकेक करून बाहेर तरंगत आले, त्यामागून एक प्लास्टिकचा डबा, आणि शेवटी सेक्रेटरींच्या पत्नी हातात झाडू घेऊन. त्यांनी जे काही म्हटलं ते त्यांनी नवऱ्याला म्हटलं, म्हणून इथे सांगत नाही.

“व्हॉल्व्ह बंद,” मी ओरडलो. वरून उत्तर आलं, “स्टॉप आल्याशिवाय थांबणार नाही.” टाकी संपली तेव्हाच सासरे थांबले.

मग अर्धी इमारत सेक्रेटरींच्या घरात पाणी उपसायला लागली. मीही पँट दुमडून आत शिरलो. मला आनंद झाला नव्हता असं मी म्हणणार नाही. मी तीन बादल्या अतिशय आनंदाने उपसल्या. पण चौथ्या बादलीला सेक्रेटरी माझ्या समोर पिळलेलं फडकं घेऊन बसले होते, त्यांच्या सोफ्याखालून पाणी येत होतं, आणि त्यांचा चेहरा पाहून माझा विजय थोडा ओला झाला. दोघं मिळून आम्ही तो सोफा उचलला. बराच जड होता.

जाताना बाईंनी मला फाटकापाशी बोलावलं. त्यांच्या हातात माझा अर्ज होता. “उद्यान विभागाला लिहायचं होतं ना?” त्यांनी हळूच विचारलं.

प्रुफं तपासणाऱ्या माणसाला गप्प बसण्याचाही अधिकार आहे.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तिकडे गेला असता तर त्यांनी तुम्हाला एक कुंडी पाठवली असती.” त्यांनी अहवालात लिहिलं की पावसाच्या पाण्याच्या विसर्गासाठी मागची जमीन मोकळी आणि मातीचीच ठेवावी, झाडाला हात लावू नये, आणि पुढच्या अंगणातले काही ब्लॉक काढून तिथेही माती करावी.

सर्वसाधारण सभा सेक्रेटरींच्या घरी घ्यायची पद्धत होती, पण तिथे अजून वाळत घातलेल्या उशा होत्या, म्हणून ती मागच्या अंगणातच झाली. सेक्रेटरींनी स्वतःच ठराव मांडला की अंगण आहे तसं ठेवावं. हात वर करायला सांगितलं तेव्हा पहिला हात त्यांच्या पत्नीचा वर गेला, दुसरा त्यांचा. दातांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले. ठराव लिहिताना सेक्रेटरी थांबले, पेन माझ्याकडे करून हलक्या आवाजात म्हणाले, “अंगण. शेवटी न की ण?”

“ण,” मी म्हणालो. त्यांनी ण गिरवला. चांगला गोल, ठळक ण होता. मी आजवर इतका सुंदर ण छापखान्यातही पाहिलेला नाही.

लोक मात्र सभा संपल्यावर उठेनात. मोकळं वाटत होतं, वारा होता, आणि अंगण वाचवलेलं असल्याने प्रत्येकाला ते आपणच वाचवलं असं वाटू लागलं होतं. अर्जवाले काका म्हणाले, “एवढं काय वाचता हो इथे? आम्हालाही ऐकवा.” मी नको-नको म्हणत कंदील लावला. विजयी माणसाला फार आग्रह करावा लागत नाही. बायको शेजारी येऊन बसली. मी मातीचं पुस्तक उघडलं आणि वाचू लागलो. गांडूळ जमिनीत बोगदे कसे करतं, त्या बोगद्यांतून पाणी कसं खोल जातं, आणि माती घट्ट झाली की त्याचं काय होतं, असं ते प्रकरण होतं.

पहिल्या पानाला अर्जवाले काका झोपले. दुसऱ्याला दातांचे डॉक्टर, तोंड सताड उघडं ठेवून. सासरे बसल्या जागी पेंगत होते. हळूहळू सगळ्या खुर्च्यांमधून संथ श्वास येऊ लागले, बायकोचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी आवाज कमी करत-करत थांबलो. मन भरून आलं होतं. या माणसांनी मला भिंतीला चिकटून वाट दिली होती, आणि आता ती माझ्याभोवती निर्धास्त झोपली होती. अंगण माझं राहिलं होतं, शांतता परत मिळाली होती, आणि आता मी एकट्यासाठी मनात वाचणार होतो. मी पान उलटलं.

“का थांबलात?” अंधारातून सेक्रेटरींचा आवाज आला. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन, मांडी घालून बसले होते. “माती घट्ट झाली. मग त्या गांडुळांचं काय झालं?”

मी कंदील त्यांच्या बाजूला सरकवला आणि गांडुळांचं काय झालं ते त्यांना वाचून दाखवलं.